तिवंध्याजवळच्या वाड्यात भरलेलं प्रदर्शन

नाशिकमध्ये आता कला-बिला काही उरली नाही, जे काय आहे ते मुंबई-पुण्यात, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की परत कोणी म्हटलं की सरळ राग येतो. म्हणणारे वाईट नसतात हो. बऱ्याचदा ते स्वतःच चित्रकार असतात, जी.डी. आर्ट म्हणजे चित्रकलेचा डिप्लोमा केलेले, नाहीतर ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा करून आयुष्यभर कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग शिकवलेले सर, आणि त्यांच्याच घरी माळ्यावर नाहीतर दिवाणात चित्रांचे गठ्ठे पडलेले असतात, जुन्या चादरीत गुंडाळलेले, जे घरातल्या सुनेनेही कधी उघडून बघितलेले नसतात. म्हणजे चित्रं आहेत, काढणारेही आहेत. आणि बघणारे गेले कुठे म्हणाल तर तेही कुठे गेलेले नाहीत, त्यांना कोणी बोलावलंच नाही इतकी वर्षं.

यंदाच्या थंडीत आम्ही गावात, म्हणजे जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात प्रदर्शन भरवलं, त्याबद्दल लिहितेय. आम्ही म्हणजे कोणी संस्था वगैरे नाही. एक फ्रेमवाले दादा, दोन रिटायर्ड ड्रॉइंग सर, आर्ट कॉलेजची काही पोरं, बँकेतल्या एक ताई ज्या गुढीपाडव्याच्या आधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पाडवा पटांगणात महारांगोळी काढतात त्यात दरवर्षी असतातच, आणि मी. मी सातपूरला एका कंपनीत डिझाइनला आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर कॅडमध्ये पार्ट्सची ड्रॉइंग्ज करते, पण लहानपण भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत तांब्या-पितळेच्या ठोक्यांच्या आवाजात गेलंय, त्यामुळे गावात काही करायचं म्हटलं की मी पुढे.

नियम एकच ठेवला होता. एका घरातून एक वस्तू, हाताने केलेली, आणि ती कोणी केली त्याचं नाव. चित्र चालेल, भरतकाम चालेल, भांडं, मुखवटा, कोरीव काम, काहीही. एंट्री फी नाही, सिलेक्शन नाही, नंबर नाही, बक्षीस नाही.

यावर आमच्यातच जोरदार वाद झाला. दोन सरांपैकी मोठे सर म्हणाले, अगं मग दर्जाचं काय, उद्या कोणी पण काही पण आणून टांगेल. प्रश्न रास्त होता, मी उडवून लावला नाही. ज्याने आयुष्यभर जलरंगाचा एकेक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, घोटवलाय त्याच्या कामाशेजारी हौशी माणसाचं पहिलंवहिलं चित्र लागलं तर त्याला काय वाटेल, हे खरंच आहे. पण मी म्हटलं सर, निवड करून भरवलेली प्रदर्शनं आपण आजवर बघत आलोय, उद्घाटनाला पाहुणे, हार, नारळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून चित्रकार एकटाच खुर्चीवर बसलेला. ज्याच्या घरची वस्तू लागलीय तो माणूस मात्र घरचे, शेजारचे, सासरचे, माहेरचे सगळे घेऊन येईल, आणि आला की बाकीच्यांचं पण बघेल. तेव्हा तुमचं चित्र बघायला माणूस असेल. सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले ठीके, पण माझं चित्र मी सांगेन त्या भिंतीवर लावायचं. लावलं.

आणि हे काही आपण नवीन शोधून काढलेलं नाही. नाशिकजवळच्या पांडवलेण्यात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्यांत, जाऊन बघा. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, त्यात तिच्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगितलाय, तो सगळ्यांना माहितीये, शाळेची सहल गेली की सर तोच दाखवतात. पण १८ नंबरचं जे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, आहे, तिथे दारावरच्या कमानीपाशी ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरलेली आहे, की हे नासिकच्या लोकांच्या धंबिक गावाचं दान. एका गावाने मिळून दिलेलं दान! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्यात सुंदर दर्शनी भागांपैकी एक, आणि तिथे राजाचं नाव न येता गावाचं नाव येतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि अजूनही कोणाला तिथे उभं राहून सांगताना येतो.

जागेबद्दल सांगते. शालिमारला कालिदास कलामंदिराला लागून महात्मा फुले कलादालन आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासून चालू आहे, जागा नाहीत असं कोणी म्हणू नये. तरी आम्ही वाडाच का घेतला, तर आम्हाला भाजी घेऊन जाणारी बाई हवी होती. हातात पिशवी असलेली बाई हॉलच्या पायऱ्या चढत नाही, तिला वाटतं तिकडे आपलं काय काम. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला, आत उजेड आणि माणसांचा आवाज असला की ती आपोआप डोकावते, कारण तिचं लहानपण अशाच वाड्यात गेलेलं असतं. वाड्याचे हिस्सेदार अमेरिकेपासून अमळनेरपर्यंत पसरलेले, सगळ्यांचा होकार मिळवायला वेळ गेला, एका ऑफिसातून परवानगीचा कागद या टेबलवरून त्या टेबलवर फिरला, पण मिळालं सगळं.

वाड्यात काही लटकवणं हे मात्र वेगळंच काम आहे, कोणी करणार असेल तर आधीच सांगते. जुन्या विटामातीच्या भिंतीत खिळा ठोकला की पोपडा येतो, आणि सागाच्या खांबाला खिळा मारणं म्हणजे पापच. आम्ही मांडववाल्याकडून बांबू आणले, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभे केले, आडवे बांबू सुतळीने बांधले आणि त्यावरून नायलॉनच्या दोरीने फ्रेम सोडल्या. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर. लोक हौसेने उंच टांगतात आणि मग मान वर करून बघावं लागतं, चित्रावर काचेतला ट्यूबलाइटच दिसतो. ट्यूबलाइट सगळे बंद केले, पिवळसर एलईडी वरून तिरके लावले. जलरंग सगळे माजघरात, कारण चौकात ऊन येतं आणि उन्हाने जलरंगाचा जीव जातो. चौकात तांब्या-पितळेची भांडी आणि मुखवटे, ओसरीवर भरतकाम. हे सगळं फ्रेमवाल्या दादांनी ठरवलं, त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही पण नाशकातली निम्मी चित्रं त्यांच्या हाताखालून गेलीयेत.

दादांनी एक फार चांगलं काम केलं. संध्याकाळी चौकात सतरंजी टाकून लोकांनी आणलेल्या जुन्या फ्रेम सगळ्यांसमोर उघडून दाखवल्या. मागचा पुठ्ठा तपकिरी झालेला, सेलोटेप पिवळी पडून कागदाला डाग पडलेला, आणि काच थेट चित्राला चिकटलेली. आपल्याकडे पावसाळ्यात हवा किती ओलसर असते, काच आणि कागदात फट नसली की ओल तिथेच अडकते आणि बुरशी धरते. म्हणून चित्राभोवती जो पांढरा माउंट लावतात तो नुसता शोभेसाठी नसतो, तो काच लांब ठेवतो. ही गोष्ट पन्नाशी-साठीच्या बायका इतक्या मन लावून ऐकत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी घरून आपापले फोटो, चित्रं, लग्नातले ग्रुप फोटो घेऊन हजर.

आता पेंटर काकांबद्दल सांगते. बोर्ड कसा करायचा असा विषय निघाला तेव्हा पोरं म्हणाली फ्लेक्स मारू, तासाभरात मिळतो. मी म्हटलं नाही, हाताने केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन आणि दारावर फ्लेक्स हे मला चालणार नाही. मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकाली इथल्या दुकानांच्या जुन्या पाट्या ज्यांनी रंगवल्या त्यातले एक काका सापडले. फ्लेक्स आल्यावर त्यांची कामं हळूहळू गेली, मग काही वर्षं ट्रकच्या मागच्या फळ्या आणि नंबरप्लेटा रंगवल्या, मग तेही गेलं. घरी गेलो तर म्हणाले ब्रश आहेत अजून, डब्यात तेल लावून ठेवलेत. पैशाचं आधी ठरवलं, पूर्ण रेटने. फुकट किंवा "काका तुमची आठवण म्हणून" असलं काही नाही. ते कारागीर आहेत, कामाचे पैसे घेतात.

सकाळी आले, प्लायला पांढरा प्रायमर आम्ही आधीच मारून ठेवला होता. त्यांनी सुतळीला निळी पावडर लावली, एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणाले ताई घट्ट धरा, हलू नका, आणि मधोमध बोटाने सुतळी उचलून सोडली. टक्. बोर्डावर निळी सरळ रेघ. अशा दोन रेघा, वरची आणि खालची, मग खडूने अक्षरांचा नुसता अंदाज. मग डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोळा, तो बोर्डाला टेकवून त्या काठीवर उजवं मनगट ठेवलं आणि सपाट ब्रश इनॅमलमध्ये बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटला. पहिलं अक्षर लिहिलं "ना". काना वरून खाली एका दमात, कुठे थांबले नाहीत, रंगाचा कडेला टिपूस नाही. सगळी अक्षरं शिरोरेघेशिवाय लिहून झाली, मग ते दोन पावलं मागे गेले, बघितलं, परत पुढे आले आणि शिरोरेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती ओढताना गल्लीत उभे असलेले सगळे लोक आपोआप गप्प झाले होते. दूधवाला थांबला होता, शाळेत जाणारी पोरं थांबली होती, समोरच्या दुकानाच्या शेठनी शटर अर्धवट सोडून बघितलं. झाल्यावर एका कॉलेजच्या मुलीने विचारलं काका हे शिकवाल का, तर म्हणाले शिकवायला काय, आधी महिनाभर नुसत्या उभ्या रेघा काढाव्या लागतील. ती म्हणाली काढीन. ती खरंच जाते त्यांच्याकडे, दर रविवारी. सध्या उभ्या रेघा चालू आहेत.

नावं गोळा करणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठं काम निघालं, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रदर्शनातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक वस्तूखाली कार्ड होतं, त्यावर कोणी केलं, साधारण कधी, कुठे बसून. चित्रकारांना हे सोपं, चित्राखाली सही असते. पण दुसुतीवर उलट्या टाक्याने भरलेला पोपट, मोत्यांचं तोरण, काचेच्या नळ्यांचा पडदा, रुखवतातला मांडलेला सप्तपदीचा सेट, या वस्तू आल्या आणि कार्डावर लोक लिहायचे "आजीने केलं". मी विचारायचे आजीचं नाव काय? तर थांबायचे. आडनाव माहिती, सासरचं नाव माहिती, माहेरचं नाव काय होतं, माहिती नाही. मग फोन लागायचे, आत्याला, मामेआजीला, मालेगावच्या काकांना. एका बाईंनी तर चौकात बसूनच तीन-चार फोन केले आणि शेवटी कळलं की पोपट भरणारी आजी लग्नाआधी सिन्नरची, बारा-तेरा वर्षांची असताना गोंदेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर बसून भरायची. त्या बाईंनी कार्डावर आजीचं माहेरचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली "गोंदेश्वराच्या ओट्यावर बसून". ते कार्ड वाचायला लोकांची रांग लागायची. "हे काय कला आहे होय, हे तर आमच्या घरी पण आहे" असं म्हणत आलेल्या बायका दुसऱ्या दिवशी घरची वस्तू घेऊन यायच्या, नाव शोधून. ओसरी कमी पडली, शेवटी जिन्याच्या कठड्यावर मांडलं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या तांबट आजोबांनी एक हंडा आणला. नुसता ठेवू नका म्हणाले, उजेड तिरका पडू द्या. तसा पडू दिला आणि मठारकाम दिसलं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या ओळीच्या ओळी, गोल फिरत वर गेलेल्या, प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याला किंचित चढलेला. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, पोचा पडत नाही, चकाकी येते ती नंतरची गोष्ट. मी लहानपणी हा आवाज रोज ऐकला आणि ठोके असे ओळीत बसतात हे मला आजोबांनी बोट फिरवून दाखवल्यावर दिसलं. येवल्याहून एक विणकर दादा आले, पैठणीचा पदर घेऊन, आणि त्यांनी तो मुद्दाम उलटा टांगला. खरी हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत, कारण नक्षीतला प्रत्येक रंग छोट्या छोट्या वेगळ्या कांडीने तिथल्या तिथे विणून आतच अडकवलेला असतो. बांगडीमोर उलटा असून मोरच दिसत होता. शेजारी ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढलेला त्याच मोराचा नकाशा लावला होता, चौकोन चौकोन भरलेला. आमच्या कंपनीतली ड्रॉइंग्ज मला आठवली, एवढी अचूक.

बोहाड्याचा मुखवटा पेठ तालुक्यातून आला. आणणाऱ्या दादांनी पहिली अट घातली, टांगायचा नाही. बोहाड्यात सोंगं निघतात ती देवांची, रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर, आणि मुखवटा चढवला की तो माणूस त्या वेळेपुरता देवच. तो खिळ्याला कसा लटकवायचा? पाट मांडला, त्यावर नवं कापड टाकलं, उदबत्ती लावली आणि मग ठेवला. लोक चप्पल काढून जवळ जायचे, कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या शहरातल्या म्युझियममध्ये असे मुखवटे काचेत बघितलेत मी, सुंदर असतात, पण तिथे कोणी चप्पल काढत नाही. मला वाटतं वस्तू जिथली आहे तिथल्या माणसाला विचारून मांडली की ती बरोबर मांडली जाते.

माजघरात सगळ्यात जास्त वेळ लोक कुठे थांबायचे तर गोदाघाटाच्या चित्रांसमोर. नाशकात जलरंगाची परंपरा फार जोरकस आहे, शिवाजी तुपे सरांनी घाट, देवळं, वाडे जलरंगात इतके रंगवले की त्यानंतरच्या प्रत्येकाला घाटावर बोर्ड घेऊन बसावंसं वाटतं. आमच्या मोठ्या सरांचं चित्र तसंच जुनं, तरुणपणी घाटावर बसून काढलेलं. त्यासमोर म्हाताऱ्या लोकांचा अड्डाच जमायचा. हा व्हिक्टोरिया पूल बघ, आता अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतात तो, मग आपण उभे कुठे आहोत, नारोशंकराची घंटा कुठल्या बाजूला येते, या पायऱ्या कुठे गेल्या, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं होतं एकोणसत्तरच्या पुरात. तास तास भांडायचे. सर मागे उभे राहून ऐकायचे, एकदा न राहवून म्हणाले, मी त्या दिवशी सकाळी सातला बसलो होतो, ऊन काळारामाच्या बाजूने येत होतं, म्हणून या पायऱ्या निळ्या आहेत. तेव्हा लोकांना कळलं की चित्र यांचं आहे. एक आजोबा सरांचा हात धरून म्हणाले, मी याच पायरीवर पोहायला शिकलो हो.

या सरांनी इतकी वर्षं हे चित्र दिवाणात ठेवलं होतं.

बाकी एक कोपरा नाशिकरोडचा होता आणि तो आमच्या डोक्यात आधी नव्हता. एक गृहस्थ पोस्टाची तिकिटं आणि भिंग घेऊन आले. म्हणाले हे पण हाताचं काम आहे. आणि आहेच! इंडिया सिक्युरिटी प्रेस, म्हणजे तिकिटं वगैरे छापणारा सरकारी छापखाना, १९२५ मध्ये नाशिकरोडला सुरू झाली, स्वतंत्र भारताची पहिली तिकिटं इथेच छापली गेली, नोव्हेंबर १९४७ मध्ये "जय हिंद" लिहिलेलं तिरंग्याचं तिकीट आलं ते इथलं. एवढ्याशा चौकोनात चेहरा, देऊळ, विमान काढणारा माणूस चित्रकारच, देशभर घराघरात त्याचं काम पोचलं आणि खाली त्याची सही नाही. पोरं भिंग घेऊन रेषा मोजत बसली होती. फाळके दादासाहेबही मुळात मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले, त्र्यंबकचे, १९१३ मध्ये मुंबईहून बिऱ्हाड आणि कंपनी उचलून नाशकात आले आणि इथून सिनेमे काढले. तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९५० मध्ये लोकहितवादी मंडळ ही सांस्कृतिक संस्था सुरू केली, चार लोकांना जमवूनच केली असणार ना. या गावात कला नेहमी लोक जमल्यावर झालीय.

विक्रीबद्दल. ज्यांना विकायचं होतं त्यांच्या कार्डावर किंमत लिहायचीच असा आम्ही हट्ट धरला, कारण आपल्याकडे चित्रकार किंमत सांगायला लाजतो आणि घेणारा विचारायला लाजतो आणि दोघंही तसेच घरी जातात. किंमत दिसली की निम्मा प्रश्न सुटतो. मेडिकलवाल्या एका भाऊंनी दुकानात लावायला पंचवटीचं चित्र घेतलं, औषधाला थांबलेल्या लोकांना काहीतरी चांगलं बघायला मिळू दे म्हणाले. एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याने पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटसाठी एक चित्र घेतलं आणि बाकीचे पैसे हप्त्याने देऊ का असं विचारलं, चित्रकार म्हणाला द्या. पूर्ण पैसे चित्रकाराला, आम्ही कमिशन ठेवलं नाही.

शाळांची पोरं आली तेव्हा मात्र मला वाईटही वाटलं. आपल्या महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट न दिलेला माणूस शोधावा लागेल, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पोस्टर कलरचे डबे, परीक्षेला पाण्याचा मग घेऊन जायचं, सगळ्यांच्या आठवणीत आहे. त्यामुळेच तर वाड्यात आलेल्या साध्या साध्या माणसांना चित्र कळत होतं, हे वॉश छान आहे, इथे परस्पेक्टिव्ह चुकलंय, असं बोलत होते. ही नजर शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाने दिली. आणि आता कितीतरी शाळांत ड्रॉइंगचे सर रिटायर झाले की ती जागा भरलीच जात नाही, तास गणिताला जातो. चित्रकार तर कुठूनही उगवतो, पण शाळेतला तास गेला तर वीस वर्षांनी बघणारा कुठून आणणार? यावर कोणी काही करणार असेल तर मी सुट्टी काढून यायला तयार आहे. आमच्या दोन सरांनी सध्या एका शाळेत शनिवारी जाऊन शिकवायला सुरुवात केलीय, मानधन न घेता, पण हे कायमचं उत्तर नाही, नीट पगाराची जागा हवी.

पैशाचं सांगायचं राहिलं. दारात एक पेटी होती, लोकांनी टाकले, मांडववाल्याचे, लाइटवाल्याचे, पेंटर काकांचे देऊन थोडे शिल्लक राहिले. पोरं म्हणत होती पार्टी करू, बँकेतल्या ताईंनी एफ.डी. करायला लावली, मुद्दल मोडायची नाही आणि व्याजातून दरवर्षी मुलांना कागद-रंग. मी त्यांना पांडवलेण्यातला १० नंबरच्या लेण्यातला लेख सांगितला, शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, त्याने भिक्षूंच्या कपड्यांसाठी वगैरे तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे, मूळ रक्कम परत घ्यायची नाही आणि खर्च व्याजातून. ताई म्हणाल्या बघ, बरोबरच करतोय आपण. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडच्या पुढचंच गोवर्धन, जिथे विणकरांवर एवढा विश्वास होता की राजघराण्यातला माणूस त्यांच्याकडे ठेव ठेवत होता.

पुढच्या थंडीत कुठे भरवायचं यावर सध्या भांडण चालू आहे. मोठे सर म्हणतात तोच वाडा, लोकांना सवय झालीय. फ्रेमवाले दादा म्हणतात नाशिकरोड, प्रेसमधले रिटायर्ड लोक आणि त्यांच्या घरची कामं बाहेर काढायची. आर्ट कॉलेजच्या पोरांना नाशिकची सिडको वसाहत हवीय, तिथे खानदेशातून कामासाठी आलेली कितीतरी घरं आहेत आणि त्यांच्या घरचं भरतकाम, गोधड्या, चित्रं कोणी विचारलीच नाहीत. माझं मत सिडकोला आहे. जागा शोधतोय, तळमजला हवा, दार रस्त्यावर उघडणारं हवं, आणि भिंतीला ओल नको. पेंटर काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की बोर्ड तेच करणार, आणि यावेळी खालची छोटी अक्षरं ती मुलगी लिहील, तोपर्यंत तिच्या रेघा सरळ येत असतील तर.